पल्ला आणि वर्गणी : सेवार्थ सायकल मोहिमेची पूर्वतयारी

एखाद्या लोकोपयोगी कामासाठी पैसा उभा करावा या हेतूने ठरलेल्या दिवसांत लांबचा पल्ला सायकलने पार करणे, आणि त्या प्रवासाच्या निमित्ताने आप्त, शेजारी, सहकारी व संस्था यांच्याकडून त्या कामासाठी देणग्या गोळा करणे, या उपक्रमाला सेवार्थ सायकल मोहीम असे म्हणता येईल. सायकल चालवल्याने पैसा आपोआप जमत नाही. सायकलस्वार काही महिने अंग मोडून सराव करतो, रजा खर्ची घालतो, उन्हातान्हात रस्त्यावर उतरतो, आणि हे सारे ज्यांच्या डोळ्यांसमोर घडते त्यांना त्याच्या शब्दावर भरवसा ठेवावासा वाटतो, म्हणून देणगी मिळते. त्यामुळे अशा मोहिमेचे यश रस्त्यावरच्या चार-सहा दिवसांत ठरत नसून त्याआधीच्या चार-सहा महिन्यांत ठरते, आणि शरीराची तयारी व हिशेबाची तयारी या दोन्हींना एकाच प्रकारची शिस्त लागते, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातले वाशिंद आणि त्याच्या आसपासचा शहापूर-मुरबाडचा ग्रामीण पट्टा घेतला आहे, कारण सरावासाठी लागणारे चढउतार, देणगी देऊ शकणारा नोकरदार वर्ग आणि मदतीची खरी गरज असलेले पाडे या तिन्ही गोष्टी येथे काही किलोमीटरच्या अंतरात सापडतात.

पूर्वपरंपरा

लहान लहान रकमांतून मोठे काम उभारण्याची रीत महाराष्ट्राला जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागणारा पैसा फंड सुरू केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना घराघरांतून मूठमूठ धान्य देण्याची पद्धत रुजली. या दोन्ही प्रयत्नांत देणारे असंख्य होते, प्रत्येकाचा वाटा त्याला पेलणारा होता, आणि आपल्या पैशाचे किंवा धान्याचे काय झाले हे देणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येत होते.

सायकलीची सामाजिक हेतूशी मोठी सांगड बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात घातली गेली. डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर आणि मणक्याच्या गंभीर आजारामुळे फार वेळ बसताही येत नसताना, बाबा आमटे यांनी शंभराहून अधिक तरुण-तरुणींना बरोबर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे प्रस्थान केले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनातील बिछान्यावर आडवे पडून त्यांच्यासोबत होते. पाच हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या प्रवासानंतर १९८८-८९ मध्ये अरुणाचल प्रदेशातील इटानगर ते गुजरातमधील ओखा असे दुसरे अभियान निघाले. देशातील माणसे जोडणे हा या अभियानांचा हेतू होता, निधी उभारणे नव्हे. तरीही वाटेतल्या गावांनी मुक्काम आणि जेवण यांचा भार उचलला की मोठा पल्ला कमी खर्चात पार पडतो, आणि यजमान गाव त्या कामात भागीदार होते, हा धडा त्यांतून मिळाला.

निधी आणि पल्ला यांची थेट सांगड नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंच्या मोहिमेत दिसते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनाऱ्यावर संपणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत त्यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाच्या गटात नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली, आणि आदिवासींच्या नेत्रसेवेसाठी मदत मिळवणे हा हेतू त्या सहभागाला जोडला. या शर्यतीत सायकलस्वाराइतकेच महत्त्व त्याच्या मागे वाहनातून येणाऱ्या साहाय्यक पथकाला असते. आहार, दुरुस्ती, औषधे, दिशादर्शन आणि विश्रांतीची वेळ ही सर्व जबाबदारी ते पथक वाहते.

परदेशांत हा प्रकार संस्थात्मक पातळीवर स्थिरावला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० मध्ये बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांसह सुरू केलेल्या ‘पॅन-मास चॅलेंज’ या मोहिमेतून पहिल्या वर्षी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमली. आज तिच्यात हजारो लोक भाग घेतात आणि तिचा निधी कर्करोगावरील उपचार व संशोधन करणाऱ्या डेना-फार्बर संस्थेला जातो. सहभागी सायकलस्वाराने गोळा केलेली प्रत्येक देणगी पूर्णपणे कामाकडे जाते आणि आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क व प्रायोजक यांच्याकडून वेगळा भागवला जातो, हे या मोहिमेच्या विश्वासार्हतेचे प्रमुख कारण आहे. गावपातळीवरील लहानशा मोहिमेनेही हेच तत्त्व पहिल्या दिवसापासून पाळावे.

काम निवडणे

निधी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर जितके नेमके तितकी देणगी मागणे सोपे जाते. शहापूर तालुक्यात भातसा व तानसा ही धरणे आहेत. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते, आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर मार्च ते जूनपर्यंत टँकरची वाट पाहावी लागते. या विरोधाभासाचे एक कारण भूगर्भात आहे : येथील काळा बेसाल्ट खडक पाणी फारसे मुरू देत नाही व फारसे साठवूही शकत नाही, त्यामुळे भरपूर कोसळणारा पाऊस उतारावरून वाहून जातो आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. दुसरे कारण वितरणाचे आहे, कारण मोठ्या धरणांची रचना दूरच्या शहराला पाणी देण्यासाठी झाली आणि उंचावरील वस्त्यांपर्यंत ते चढवण्याची सोय अपुरी राहिली.

अशा परिस्थितीत ‘पाणीटंचाई दूर करण्यासाठी मदत’ असे मोघम आवाहन करण्याऐवजी एका पाड्यावरील विहिरीचा गाळ काढणे व कठडा बांधणे, एखाद्या झऱ्याभोवती बंदिस्त टाकी बांधणे किंवा एका आश्रमशाळेच्या छपरावरील पाणी साठवणे असे एकच काम हाती घ्यावे. छपरावरील पाण्याचे गणित सामान्य माणसालाही समजते : १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर २,००० मिलिमीटर पावसात २ लाख लिटर पाणी पडते, आणि गळती व वाहून जाणारा भाग वजा केला तरी साठवणीची टाकी भरण्यास ते पुरेसे असते. कामाचा आराखडा जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, आणि पाड्यावरील महिलांना त्या चर्चेत बसवावे, कारण पाणी भरण्याचे श्रम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतात आणि टाकी कोठे हवी हे त्यांच्याइतके कोणीही अचूक सांगू शकत नाही.

निधीचे गणित आणि कायदा

उद्दिष्ट ठरवताना वीस सायकलस्वारांनी प्रत्येकी पन्नास देणगीदार मिळवले आणि प्रत्येकाने सरासरी २०० रुपये दिले तर एक हजार माणसांकडून २ लाख रुपये जमतात, असा सरळ हिशेब मांडावा. हीच रक्कम एका उद्योगाकडून एका धनादेशात मिळू शकते. परंतु हजार माणसांनी दिलेली रक्कम पुढच्या वर्षीही मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि काम अर्धवट राहिले तर जाब विचारणारे हजार लोक तयार झालेले असतात. वाशिंदसारख्या गावात अशा देणगीदारांची जाळी आधीपासूनच अस्तित्वात आहेत. पहाटेच्या कसारा-मुंबई लोकलने रोज कल्याण, ठाणे व मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांचे डब्यांतील गट, महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळे, शाळांचे माजी विद्यार्थी आणि भजनी मंडळे यांच्याकडे परस्परविश्वासाची मोठी शिदोरी असते. प्रत्येक सायकलस्वाराने आपल्या ओळखीच्या गटाकडे स्वतः जाऊन कामाची माहिती, रक्कम आणि हिशेब देण्याची तारीख या तीन गोष्टी सांगाव्यात.

मोठ्या उद्योगांचे दार वेगळ्या मार्गाने ठोठवावे लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि तो पैसा प्रामुख्याने त्या कामासाठी नोंदणी झालेल्या संस्थांमार्फत खर्च होतो. त्यामुळे एखाद्या कारखान्याकडे मोहिमेच्या टी-शर्टांचा खर्च मागण्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेमार्फत विहिरीच्या कामाचा सविस्तर प्रस्ताव देणे उपयुक्त ठरते.

वर्गणी गोळा करण्याआधी कायदेशीर बाजू पूर्ण करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० हा धर्मादाय संस्थांचे नियमन करणारा कायदा असून, नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या मंडळाला किंवा गटाला लोकांकडून वर्गणी जमवायची असल्यास त्यातील कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रीतसर जावे लागते. गणेशोत्सव मंडळांना ही प्रक्रिया परिचित आहे. सायकलस्वारांच्या अनौपचारिक गटासाठी याहून सोपा मार्ग म्हणजे त्याच भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेशी लेखी करार करणे आणि सर्व रक्कम थेट तिच्या बँक खात्यात जमा करणे. क्यूआर कोडही संस्थेच्याच नावाचा असावा. एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर देणग्या घेण्याची सवय, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, पुढे संशयाला वाट करून देते. रोख रकमेसाठी अनुक्रमांक असलेली, स्थळप्रतीसह छापलेली पावती पुस्तके वापरावीत व न वापरलेली पुस्तकेही परत घ्यावीत.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-जी खाली मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीतील करदात्याला वजावट मिळत आली आहे. तथापि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगी या सवलतीस पात्र नसते आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे क्रमांक बदलत असल्याने पावतीवरील मजकूर संस्थेच्या लेखापालाकडून तपासून घ्यावा. परदेशात राहणाऱ्या नातलगांकडून पैसे घेतानाही काळजी लागते : भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी भारतीयाची देणगी परकीय मानली जात नाही, परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी, तो जन्माने वाशिंदचा असला तरी, परकीय योगदान ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी असावी लागते.

मोहिमेचा स्वतःचा खर्च, म्हणजे साहाय्यक वाहनाचे इंधन, मुक्काम, जेवण, विमा आणि सुटे भाग, हा सायकलस्वारांच्या प्रवेशशुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवावा व त्याची वही वेगळी ठेवावी. विहिरीसाठी दिलेला रुपया विहिरीपर्यंतच पोहोचला पाहिजे.

शरीराची तयारी

दररोज सुमारे १०० किलोमीटर असे सलग काही दिवस चालवायचे असल्यास नवख्या परंतु निरोगी माणसाला किमान चार महिन्यांचा सराव हवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. स्नायू आणि श्वसन काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा हळू बळकट होतात. म्हणून आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढवता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते कमी करून शरीराला सावरू द्यावे.

वाशिंदच्या रहिवाशाला सरावासाठी निसर्गाने चढत्या क्रमाचा रस्ता दिला आहे. आरंभी आसनगाव व शहापूरपर्यंतच्या फेऱ्या, नंतर आटगाव व खर्डी, आणि त्यानंतर सुमारे ४० किलोमीटरवरील कसारा असे टप्पे घेता येतात. कसाऱ्यापुढे थळ घाट चढून समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील इगतपुरी गाठली की लांब चढावर दम कसा राखावा याची खरी परीक्षा होते. वाहतुकीची वर्दळ टाळायची असल्यास शहापूर-किन्हवली-सरळगाव या रस्त्याने मुरबाड तालुक्यात उतरावे आणि पुढे टोकावड्यावरून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत जावे. आठवड्यात दोन-तीन दिवस तासाभराचा सराव आणि रविवारी लांब फेरी एवढे वेळापत्रक लोकलने प्रवास करणाऱ्या माणसालाही जमण्यासारखे आहे. अखेरच्या दोन महिन्यांत मात्र शनिवार व रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब अंतर चालवावे, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसणे हीच लांब मोहिमेची मुख्य कसोटी असते.

आपली तयारी पारखण्यासाठी ब्रेव्हे या प्रकाराचा उपयोग होतो. ब्रेव्हे म्हणजे स्पर्धा नसलेली, ठरावीक वेळेत ठरावीक अंतर पूर्ण करण्याची सायकल फेरी. तिच्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस तास आणि ६०० साठी चाळीस तास अशी मुदत असते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे शांतपणे पूर्ण करणारा माणूस वाशिंद ते नाशिक हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर एका दिवसात घाटासह पार करण्यास तयार आहे असे मानण्यास हरकत नाही.

अन्न आणि पाणी

शरीर कर्बोदके ग्लायकोजेन या रूपात स्नायूंमध्ये व यकृतात साठवते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि जोरदार श्रमांत दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. तो संपत आला की पाय जड होतात, चक्कर येते आणि निर्णयशक्ती मंदावते, जी महामार्गावर फार धोक्याची गोष्ट आहे. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे थोडे थोडे खावे. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि गूळ-शेंगदाणे हे पदार्थ स्वस्त, टिकाऊ आणि खिशात मावणारे आहेत. भाकरी-पिठल्याचे भरपेट जेवण मुक्कामी घ्यावे.

हवामानानुसार तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. घामातून पाण्याबरोबर मीठही जात असल्याने केवळ साधे पाणी फार प्रमाणात पिणे हानिकारक ठरू शकते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. त्यावर जलसंजीवनीची पाकिटे किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी हा सोपा उपाय आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मोहिमेसाठी सर्वांत अनुकूल असून, एप्रिल-मे मधील ऊन आणि पावसाळ्यात घाटांत कोसळणाऱ्या दरडी यांमुळे ते महिने टाळावेत.

सायकल, रस्ता आणि पथक

महाग सायकलीपेक्षा मापात बसणारी सायकल महत्त्वाची असते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची असावी. ती कमी असल्यास गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो आणि जास्त असल्यास कंबर डोलून पाठ धरते. टायरमधील हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवावी, चेन पुसून तेल द्यावे, आणि घाट उतरण्याआधी दोन्ही ब्रेक तपासावेत. प्रत्येक सायकलस्वाराला स्वतःचे पंक्चर काढता आले पाहिजे व त्याच्याजवळ दोन जादा ट्यूब, पंप आणि पाने असले पाहिजेत.

मार्ग आखताना काही बंधने लक्षात घ्यावी लागतात. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे. त्यामुळे जुना मुंबई-नाशिक महामार्ग किंवा जिल्हा रस्ते हेच पर्याय उरतात. महामार्गावर जड वाहनांची ये-जा मोठी असल्याने एकेरी रांगेत चालणे, शिरस्त्राण व परावर्तक जाकीट घालणे, मागे लाल दिवा लावणे आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठणे हे नियम अपवादाविना पाळावेत. मार्गावरील पोलीस ठाण्यांना लेखी कळवावे, सर्वांचा अपघात विमा उतरवावा, आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेपर्यंत निरोप पोहोचावा यासाठी घाटात मोबाईलचे जाळे कोठे तुटते हे आधीच पाहून ठेवावे. साहाय्यक वाहनातील व्यक्तीला एखाद्या थकलेल्या सायकलस्वारास थांबवण्याचा अंतिम अधिकार द्यावा. देणगीदारांनी पैसा कामाला दिलेला असतो, सायकलस्वाराच्या हट्टाला नव्हे. म्हणून वाटेत थांबावे लागलेल्या माणसाने गोळा केलेला निधीही तितक्याच सन्मानाने कामाकडे जावा, हे आवाहनातच लिहून ठेवावे.

मोहिमेनंतर

सायकली घरी परतल्यावर मोहिमेचा अधिक कठीण भाग सुरू होतो. जमा रक्कम, खर्च आणि शिल्लक यांचा ताळेबंद महिन्याभरात जाहीर करावा, तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि काम पूर्ण होताच देणगीदारांना पाड्यावर नेऊन ते दाखवावे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात टाकीत किती दिवस पाणी पुरले याची नोंद घेऊन तीही प्रसिद्ध करावी, कारण कामाचे खरे मोजमाप किलोमीटरमध्ये किंवा रुपयांमध्ये नसून त्या नोंदीत आहे. ज्या गटांना अशी मोहीम काढण्याची इच्छा आहे त्यांनी मार्गाचा नकाशा उघडण्याआधी एका पाड्यावर जाऊन तेथील माणसांशी बोलावे, एक काम निश्चित करावे आणि पहिली देणगी स्वतःच्या खिशातून देऊन तिची पावती घ्यावी.